खंड्याला लागलेली दृष्ट

जनावरांना माणसांसारखं बोलता येई आणि माणसांसारखाच ताठाही असे, त्या काळी भागूबाईंच्या घरी खंड्या नावाचा कुत्रा होता. त्याचं जेवण सुटलं, केस झडले, कान खाजवून खाजवून तो बेजार झाला.

घरातल्या चिमी मांजरीने त्याच्या कानात डोकावलं. "अरे, इथे गोचिडींचं गाव वसलंय! जनावरांच्या दवाखान्यात चल. औषध लावलं की मोकळा होशील. मीही तिथेच बरी झाले."

खंड्या गुरकावला, "गोचिडी उकिरड्यावरच्या कुत्र्यांना होतात. मी गादीवर झोपतो. माझ्या रूपाला दृष्ट लागलीय."

भागूबाईंचंही तेच मत. त्यांनी मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. ठसका काही उठला नाही. "बघा, केवढी जबर दृष्ट!" म्हणत त्यांनी त्याच्या गळ्यात काळा दोरा बांधला. खंड्याने ऐटीत मान उंचावली. मग रोज संध्याकाळी हाच सोहळा, आणि रोज खंड्या थोडा आणखी खंगलेला.

शेवटी त्याला उठवेना. तेव्हा कानातली म्हातारी गोचीड आपल्या पोरांना सांगताना त्याला स्पष्ट ऐकू आली, "बाळांनो, आधी भागूबाईंची दृष्ट काढा. असं घर पुन्हा मिळायचं नाही!"