अत्तारभाभींची वाटी

पत्र्याच्या बादलीत स्टीलचं भांडं पडल्याचा आवाज... खूप वर्षं झाली, अजून कानात आहे.

त्याच्या जरा आधी ओजस विचारत होता, "बाई, तुमचा जुना प्रोग्रॅम टाकून का देत नाही आपण?"

निमकरबाई खिडकीशी बसल्या होत्या. नदीचं पाणी किती चढेल याचं गणित करणारा तो प्रोग्रॅम त्यांनी तरुणपणी लिहिला होता, तेव्हाच्या भाषेत. ओजस त्यांचा शिष्य. हुशार पोरगा. काठावरच्या गावांना फोनवर इशारा पाठवणारा प्रोग्रॅम त्यानं आजच्या भाषेत लिहिला होता. जुन्यानं गणित करायचं, नव्यानं इशारा धाडायचा.

मी त्या कार्यालयात चहापाणी बघायचो. मला कळलं ते एवढंच.

दोन्ही प्रोग्रॅम जोडले की थोडे इशारे नीट जायचे. मग सगळंच बंद पडायचं.

दुसऱ्या दिवशी तपासणी होती. तेव्हा चाललं नाही, तर त्या पावसाळ्यात गावांना इशारे मिळणार नव्हते.

"टाकून दिला, तर गणित कोण करेल?" बाई म्हणाल्या.

"मी लिहितो की नव्यानं. दिवाळीपर्यंत होईल."

"बरं. नदीला सांगते, दिवाळीपर्यंत थांब."

मी हसू दाबलं. ओजस काही हसला नाही.

"चूक माझ्या बाजूला नाही, बाई. माझं काम स्वच्छ असतं."

"स्वच्छ म्हणजे कसं?"

"तुमचा प्रोग्रॅम उत्तर ठेवायला मेमरीत जागा घेतो. ती माझ्या हातात देतो. मी उत्तर वाचतो, आणि वाचून झालं की ती जागा पुसून मोकळी करून टाकतो. मागे पसारा नाही."

"लगेच टाकतोस?"

"लगेच."

पंखा कुरकुरत होता...

शेजारच्या अत्तारभाभींनी वाटीभर खीर पाठवली होती. बाईंनी ती त्याच्यापुढे सरकवली.

"आधी हे खा. सकाळपासून उपाशी आहेस."

ओजसनं खाल्ली. बोटानं वाटी निपटून घेतली. "भाभींच्या हाताला चव आहे," म्हणाला.

बाई उठल्या. त्याच्या हातातली वाटी घेतली आणि कचऱ्याच्या बादलीत टाकली.

ठण्ण.

"बाई, अहो... वाटी होती ती."

"रिकामी झाली होती."

"म्हणून काय टाकायची?"

"मागे पसारा नको."

"पण ती आपली कुठं आहे? भाभींची आहे. उद्या त्या शोधायला लागल्या, तर..."

तो तिथंच थांबला.

त्यानं संगणकाच्या पडद्याकडं पाहिलं. मग बादलीकडं.

बाई पदरानं चष्मा पुसत होत्या.

ओजस वाकला. बादलीत हात घालून त्यानं वाटी काढली. नळाखाली घासली, दोनदा विसळली. माझ्या फडताळातला डबा उघडून मूठभर शेंगदाणे तीत घातले. आमच्याकडं कुणाची वाटी रिकामी परत देत नाहीत, हे त्याला सांगावं लागलं नाही.

वाटी दोन्ही हातांत धरून तो दाराबाहेर पडला.

त्याचं यंत्र तसंच चालू राहिलं होतं. मी विचारलं, "बाई, बंद करू का?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. पडद्याकडं बघितलंही नाही.

"राहू द्या, तात्या. वाटी असो की मेमरीतली जागा, ज्याची त्याला पोचती झाली की चालेल."