ऊन खाणारी राजकन्या

एका राज्यात भद्रायू नावाचा राजा होता. राज्य मोठं, हौस त्याहून मोठी. तळ्याकाठी उंच भिंत घालायची म्हणून त्यानं एका मांत्रिकाची झोपडी पाडली. मांत्रिक एवढंच म्हणाला, "माझं घर मोडलंस. आता तुझी लेक घर पाठीवर वाहील. ते ती आपणहून उतरवील, तेव्हाच लेक तुला परत मिळेल." आणि राजकन्या मंजुळा डोळ्यामागे लाल पट्टा असलेली, हिरव्या पाठीची कासवी झाली.

राजकन्येवर ऊन पडू द्यायचं नाही, ही त्या घराण्याची रीत. राजानं ती कासवीलाही लावली. सोन्याचं घंगाळ, गुलाबपाणी, वर रेशमी छत, चांदीच्या ताटात खीर. लेक खाईना. पाठ मऊ पडू लागली, तसा राजा हरखला. त्याला वाटलं, घर सैल होतंय. त्यानं सुतार बोलावला. पटाशी पाठीच्या कडेला टेकली मात्र, कासवी थरथरली.

खिडकीत बसलेला खंड्या पक्षी म्हणाला, "महाराज, ते घर नव्हे, तिच्या बरगड्या आहेत. बाप लेकीच्या बरगड्या उचकटतो का?"

राजानं सुताराला मागे सारलं. "मग काय करू?"

"तीन कामं. पण स्वतःच्या हातांनी."

पहिलं काम, तळ्यावर ऊन आणायचं. ते भिंतीनं अडवलं होतं. राजानं पहार घेतली, गवंडी हळूच म्हणाला, "महाराज, उलटी धरलीत." भिंत पडली, तिचाच एक धोंडा तळ्यात अर्धा बुडता ठेवला आणि लेकीला पाण्यात सोडलं.

दुसरं काम, तिला जेवू घालायचं. कासवीचा घास पाण्यातच घशाखाली उतरतो. ताट काय कामाचं? गिऱ्हाइकाला न विचारता माल गळ्यात मारणाऱ्याचं दुकान कधी चाललंय? राजा मुकुट काठावर ठेवून छातीभर पाण्यात उभा राहिला, मुठीत गांडुळं आणि पाणवनस्पती घेऊन. लेक आली, हातातून खाऊ लागली.

तिसरं काम अवघड. थंडी पडली, कासवी तळाच्या चिखलात जाऊन निश्चल झाली. वैद्य म्हणाले, गेली. खंड्या म्हणाला, निजलीय, उठवू नका. काही न करणं, हेच काम. राजाचा हात कितीदा पाण्यापर्यंत गेला आणि तसाच मागे आला.

पळस फुलला. कासवी वर आली, धोंड्यावर चढली, मान आणि चारही पाय ताणून उन्हात पसरली. पाठ आता टणक होती. ती सुकली आणि तिच्यावरचे जुने खवले कांद्याच्या पापुद्र्यासारखे एकेक करून सुटू लागले. शेवटचा गळाला, तेव्हा धोंड्यावर ओल्या केसांची मंजुळा बसली होती.

छत्रधारी सवयीनं धावला. राजकन्या डोळे मिटूनच म्हणाली, "आबासाहेब, त्याला थांबवा. अजून थोडं ऊन खाऊ द्या."

राजानं छत्र मिटवलं आणि लेकीशेजारी उघड्या डोक्यानं बसला. भिंतीच्या उरल्या दगडांतून मांत्रिकाचं घर पुन्हा उभं राहिलं. मंजुळेच्या वाट्याला जसं ऊन आलं, तसं ते तुमच्याआमच्या लेकींच्या वाट्याला येवो.