दुकानाच्या फरशीवर झोपलेले सर

एकदा कोकणातल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, एका शिष्येला एक अनोळखी फूल दिसले. आकाराने तांदळाच्या दाण्याएवढे! शिष्येचे नाव हर्षाली. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले खोत सर हे तिचे गुरू. पुण्याच्या तज्ज्ञ बाईंना तिने फोटो पाठवले. उत्तर आले, "पाकळीच्या कडेचे केस स्पष्ट दिसले तरच नाव सांगता येईल. तुमचे सगळे फोटो हललेले आहेत." आणि सड्यावर आता त्या फुलाच्या चारच कळ्या उरल्या होत्या. त्या सरल्या की थेट पुढचा भाद्रपद.

तुम्ही म्हणाल, ट्रायपॉड घ्यावा. अहो, घेतला होता की! चांगला छातीएवढा उंच, भक्कम. वस्तू घेताना उंची आणि वजन पाहून खूश होण्याची आपली खोड काही जात नाही. खाली वाकवला की त्याचा मधला दांडा कातळाला टेके आणि कॅमेरा वीतभर वरच राही. शेवटी ती कॅमेरा हातात धरी, श्वास रोखी, आणि नेमका तेव्हाच हात हले.

"सर, दुसरा घ्यायचाय. आत्ता चला ना! उद्या सकाळी कळ्या उमलतील," ती धापा टाकत म्हणाली.

तालुक्याच्या दुकानात दुकानदाराने चार ट्रायपॉड मांडले. सरांनी चष्मा सावरला आणि ते सरळ फरशीवर पोटावर झोपले. सत्तरी ओलांडलेला माणूस!

"अहो काका, चक्कर आली का? पाणी देऊ?" दुकानदार घाबरला.

हर्षालीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "सर, उठा ना, लोक बघतायत!"

"बघू देत. तुझी चप्पल दे इकडे."

सरांनी सदऱ्याचे सुटलेले बटण फुलाच्या जागी फरशीवर ठेवले. शेजारी चप्पल, तिच्यापलीकडे एक खोके. मग एकेक ट्रायपॉड त्या पसाऱ्यावर उभा करून त्यांनी पाहिला. तीन ट्रायपॉडचे पाय एकत्रच उघडत, त्यामुळे ते डुगडुगले. उरला तो सगळ्यांत छोटा.

"तो एवढासा? तो कोणी नेत नाही, काका."

पण त्याचा प्रत्येक पाय वेगळा वाकत होता आणि मधला दांडाच नव्हता. एक पाय चप्पलेवर, एक खोक्यावर, एक फरशीवर. हर्षालीने आपला कॅमेरा त्यावर बसवला; तो बटणासमोर आला आणि तिथेच घट्ट राहिला.

सर झोपूनच म्हणाले, "आधीचा तू उभ्याने निवडलास, म्हणून उभ्या माणसाच्या सोयीचा मिळाला. तुझं फूल राहतं कातळाच्या फटीत. तिथे एक पाय खड्ड्यात जाणार, एक दगडावर, एक चिखलात. तिघांनाही आपापलं वाकता यायला हवं. हे वरून दिसत नाही गं. आता मला उठव, कंबर धरली."

दुसऱ्या दिवशी सड्यावर दोन कळ्या उमलल्या. हर्षाली हनुवटीपर्यंत चिखलात आडवी झाली. तिने तीन पाय तीन दिशांना वाकवले, टायमर लावला आणि हात काढून घेतला. खटकन फोटो निघाला. तिने पडद्यावर तो मोठा करून पाहिला. केस! अगदी एकेक केस!

"सर, दिसले! दिसले हो!" ती अशी ओरडली की पलीकडच्या टिटव्या उडाल्या. सर कमरेचे दुखणे विसरून तिच्या शेजारी आडवे झाले. पडदा पाहताना त्यांचे डोळे भरून आले.

आठवड्याने पुण्याहून फोन आला. फुलाला नाव मिळाले होते. आपल्या किनाऱ्यावर ते पहिल्यांदाच सापडले होते! फोन ठेवता ठेवता बाईंनी विचारले, "मलाही घ्यायचाय हो. कुठला ट्रायपॉड घेऊ?"

"सांगते ना," हर्षाली म्हणाली, "आधी तुम्ही जमिनीवर पोटावर झोपा."