भांगेचं बी

ठकूबाईच्या परसात भांगेचं झाड दिसलं आणि अबकारी अधिकारी टिपणीसांनी तिला बेड्या ठोकल्या. म्हातारी हादरून गेली, कारण तिने ते लावलंच नव्हतं.

कचेरीत न्यायाधीशांसमोर टिपणीस गरजले, "सरकारी दुकानातून हवी तेवढी भांग घ्या, पण घरी लावलीत तर तुरुंग! या संस्थानात आमच्याशिवाय भांगेचं एक बीही कुणाला मिळत नाही."

न्यायाधीशांनी ठकूबाईकडे पाहिलं.

"खरंय साहेब," ती म्हणाली. "बैलाच्या औषधाला यांच्याच दुकानातून भांग आणली. पाखडताना त्यातलं बी परसात सांडलं न् रुजलं. आता आधी बी विकणाऱ्याला धरा."

न्यायाधीशांनी म्हातारीच्या बेड्या काढायला लावल्या आणि दुकानातल्या प्रत्येक पुडीतलं बी वेचायला टिपणीसांनाच बसवलं.