खंड्याला झोप लागली तो खेळ

फार पूर्वी तळ्याकाठच्या प्राण्यांना खेळ बघायचं भारी वेड होतं, तेव्हाची ही गोष्ट. तिन्हीसांजेला काजवे गुहेच्या भिंतीवर बसून उजेडाची चलचित्रं दाखवत. नवा खेळ आला की झपकन सूर मारून मासा टिपणारा खंड्या पक्षी तो आधी बघून यायचा आणि सकाळी फांदीवरून निकाल सांगायचा. तो "जा" म्हणाला की गुहेत पाय ठेवायला जागा उरत नसे.

या वेळी मात्र तो चोच वाकडी करून म्हणाला, "एक कमळ उमलतं, बस्स! इतका संथ खेळ की मला झोपच लागली. कशाला वेळ घालवता?"

झालं, सगळे घरी बसले. बिचाऱ्या काजव्यांनी दुसरं तळं गाठायचं ठरवलं.

हे ऐकून कासवमावशीनं मान बाहेर काढली. मागच्या खेळाला "काय वेग!" असं खंड्या म्हणाला, म्हणून ती धडपडत गेली होती. सशांची ती शर्यत तिनं मान वळवेपर्यंत संपलीसुद्धा होती.

"म्हणजे हा संथ आहे तर!" असं पुटपुटत ती निघाली.

गुहेत ती एकटीच होती. भिंतीवर एकेक पाकळी उलगडत गेली आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या नजरेतून काही सुटलं नाही.

"उद्याही दाखवा रे," ती काजव्यांना म्हणाली, "गोगलगायींना घेऊन येते."

निघायच्या तयारीत असलेले काजवे पुन्हा भिंतीवर बसले.

सकाळी खंड्या फुरंगटला. "मावशी, माझं ऐकलं नाहीस ना?"

"अरे, तुझं ऐकूनच तर गेले! तुला कुठे कुठे झोप लागते, ते असंच सांगत जा."