उघड्या खड्ड्यांची रांग

“...म्हणजे माझा खड्डा खणणार नाही म्हणता, बाबा?”

निसार शिकलगार मास्तरांचा आवाज चढला. तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. नकार ऐकायची सवय नव्हती.

हुसेनबाबा फकीर कब्रस्तान राखायचे. त्यांनी कुदळीची माती झटकली.

“आजार कसला म्हणायचा?”

“फुप्फुसाचा. शिबिरातल्या तपासणीत निघाला. शंभर आजारी असतील, तर ती तपासणी नव्वद जणांना पकडते. मलाही पकडलं. म्हणजे मी वाचायची आशा दहा टक्के.”

“डॉक्टर काय म्हनला?”

“शहरात जाऊन पुन्हा तपासा म्हणाला. कशाला? गणित सरळ आहे.”

मास्तरांनी सुतावरून स्वर्ग गाठला होता. समजावणार कोण?

बाबा उठले आणि मागच्या भिंतीकडे चालू लागले. भरदुपारी धुकं उतरलं होतं. भिंतीलगत उघड्या खड्ड्यांची लांबच लांब रांग होती.

“गावात एक कुत्रं हाय,” बाबा म्हणाले. “ते ज्याच्या दारी रडतं, त्याच्या घरचे धावत येत्यात अन् खड्डा खणून घेत्यात.”

“खोटंच रडत असेल.”

“छ्या! या रांगेत जे निजल्यात, त्या समद्यांच्या दारी रडलं होतं. एकबी चुकला न्हाई.”

बाबांनी बोट दाखवलं. भरलेल्या कबरी तीन होत्या.

मास्तर उघडे खड्डे मोजू लागले. चाळिसाच्या पुढे धुक्यात दिसेना.

“यांची माणसं... कुठं आहेत?”

बाबांनी एका खड्ड्यात वाकून पाहिलं.

मास्तरांच्या पायाजवळच्या खड्ड्यात काहीतरी खसखसलं. मग एक पांढरं डोकं वर आलं.

मास्तर किंचाळलेच.

“भिऊ नका. जैनबबी हाय. सोळा वर्सांमागं हिच्या दारी रडलं. हिच्या खड्ड्यात गवत झ्याक येतं, शेळीला नेती.”

म्हातारीनं विळा पदराला पुसला. मास्तरांना खालून वर न्याहाळलं.

“नवं दिसताय. तुमचा कंचा?”

मास्तर मटकन खाली बसले. इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू फुटलं. त्यांना जगायचं होतं.

“बाबा... मी या उघड्यांतला, की त्या तिघांतला?”

धुक्यात कुठंतरी कुत्रं रडू लागलं. बाबांनी मान वळवली नाही.

“काल सांजच्याला ते माझ्या दारी रडलं, मास्तर. उद्या तपासून घ्यायला शहराला निघालोय. येता?”