तळातलं गोड पाणी

मठाधिपती, महाराजांच्या पोथीतून ही कथा तुम्ही काढलीत. गादीवर बसून, चष्मा पुसत, शाईची काट मारलीत आणि वर म्हणालात, "भाविकांना रुचणार नाही." खोटं! भाविकांना विचारलं कोणी? रुचली नाही ती तुम्हाला. म्हणून ती इथे, आहे तशी, सांगतो. मायबापहो, ऐका.

खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे नांदखोल नावाचं गाव होतं. गावच्या धक्क्यावर, जाळी ठेवायच्या झोपडीत भिवनाथ महाराज राहत. अंगावर एक पंचा, हातात एक करवंटी. तीच त्यांची ताटवाटी.

मिठागरावर राबणारा धाकलू त्यांचा भक्त. त्याच्या हातचं पाणी गावात कुणी पीत नसे. वय तिशीचं, पण मनात एकच ध्यास: गलबतावर खलाशी व्हायचं. त्या वर्षी नारळी पुनवेनंतर रायाजी तांडेलाचं गलबत कांदा भरून मलबारला निघणार होतं. एक खलाशी तापाने पडला आणि नाइलाजाने रायाजीने धाकलूला घेतलं.

"पण ऐक," रायाजी म्हणाला, "पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला हात लावायचा नाही. तू तळात बसून झिरपलेलं पाणी उपसायचं. ही फेरी धड केलीस तर खलाशी म्हणेन, नाहीतर जा परत मिठात."

"चालेल, तांडेल," धाकलू म्हणाला. त्याला तेवढ्यानेही भरून आलं.

पंधरा दिवस तयारी चालली. धाकलूने काथ्या वळला, फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासला, शीड शिवताना बोटं फोडून घेतली. निघायच्या आदल्या दिवशी तो गाठोडं घेऊन महाराजांकडे आला.

"काय काय घेतलंस?" महाराजांनी विचारलं.

"सुई-दोरा, सुकट, घोंगडी. आणि आईने गूळ दिलाय. दोन खडे जास्तच, तुमच्यासाठी."

महाराज हसले. एक खडा तोंडात टाकला आणि आपली करवंटी त्याच्या हाती दिली. "उपसायला ही ने, बाळा. आणि जिभेला जे कळेल ते तोंडाने बोल. भिऊ नकोस."

गलबत निघालं. रायाजीच्या गलबतावर एक रिवाज होता. पाण्याचं मोठं पिंप पूजा करून, झाकण लाखेने बंद करून ठेवायचं. पहिले चार दिवस मडक्यांतलं पाणी प्यायचं आणि पाचव्या दिवशी नारळ फोडून पिंप उघडायचं.

दुसऱ्या दिवशी तळातलं पाणी उपसताना धाकलूने सवयीने बोट जिभेला लावलं. मिठागरावरचा माणूस, पाणी चाखल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तो दचकला आणि धावत वर आला.

"तांडेल, तळातलं पाणी गोड लागतंय! समुद्राचं असतं तर खारट असतं. आपलं पिंप गळतंय!"

खलाशी खदखदून हसले. "गटार चाटतोय रे हा!" एक ओरडला.

रायाजी गरजला, "तुझ्या जिभेवर मी पूजलेलं पिंप उघडू? उतर खाली!"

पाचव्या दिवशी नारळ फुटला, झाकण उघडलं. आत तळाला ओल तेवढी होती. बुडाची एक फळी सुटली होती. त्याच दुपारी जमिनीकडून वादळी वारा सुटला आणि गलबत आत समुद्रात लोटलं गेलं. किनारा दिसेनासा झाला. मग वाराच पडला. शीड मेल्यासारखं लोंबू लागलं. अकरा माणसं, आणि घोटभर पाणी नाही.

सातव्या दिवशी दोघांची शुद्ध गेली. रायाजी गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी बसून होता, ओठ फुटलेले, नजर कुठेच नाही. धाकलू मात्र तळात उपसतच होता. थांबला तर गलबत भरलं असतं. "महाराज," तो पुटपुटला, "मला खलाशी नको करू. ही माणसं वाचव."

आणि करवंटीतून गुळाचा वास आला.

त्याने चाखलं. गोड! मायबापहो, विहिरीचं असावं तसं गार, गोड पाणी! दुसऱ्या खलाशाने तिथलंच पाणी बादलीने काढलं, तर खारट. करवंटीत घेतलं की गोड. तीन दिवस, वारा सुटेपर्यंत, धाकलू भरत राहिला आणि अकरा माणसं पीत राहिली. शेवटी रायाजीने ओंजळ पुढे केली. धाकलूने ती भरली. आणि धाकलूच्याच डोळ्यांना धार लागली होती, कृतज्ञतेची.

फेरी पुरी करून गलबत नांदखोलला परतलं. सारं गाव धक्क्यावर लोटलं. रायाजीने पागोटं काढून महाराजांच्या पायांवर ठेवलं. महाराजांनी पाय मागे घेतले.

"तांडेल, पाणी मी पाजलं नाही."

रायाजी वळला आणि गावासमोर धाकलूच्या पायांवर पडला. "खलाशी आहेस तू," तो रडत म्हणाला, "माझ्याहून मोठा."

"उठा तांडेल, उठा," धाकलू ओशाळून म्हणाला. "महाराजांची कृपा. मी नुसता उपसत होतो."

महाराज उठून उभे राहिले. आवाज चढला.

"पाया पडणं सोपं असतं, रायाजी. समुद्रावर कुणी बघत नव्हतं, तेव्हा याच्या हातचं प्यालास. पुढच्या फेरीचं पिंप गावच्या विहिरीवर भरायचंय. त्या विहिरीचा दोर याच्या हाती देशील की नाही? मान खाली घालू नकोस. सगळा गाव ऐकतोय. बोल!"